दिसायला तर सरळच आहेत!

वेडेवाकडे दात सरळ करण्याचा उपचार संपतो केव्हा, याविषयी दोन मते आहेत. पहिले डॉक्टरांचे: वरचे आणि खालचे दात एकमेकांत नीट बसले, त्यांची मुळे हाडात उभी राहिली आणि नव्या जागी मुरली, की उपचार संपतो. दुसरे रुग्णाचे: फोटो बरा आला, की संपतो. या दोन तारखांत साधारण वर्षाचे अंतर असते. उपचार अर्ध्यावर सोडला जातो तो याच वर्षात.

सुरुवातीला कोणाचाही तसा इरादा नसतो. पहिल्या दिवशी एक्स-रे निघतात, तोंडात गार लगदा भरून साचे घेतले जातात आणि डॉक्टर '१८ ते २४ महिने' असा आकडा सांगतात. रुग्णाची आई तो आकडा ऐकताना मनात दहावीची परीक्षा, मावसबहिणीचे लग्न आणि हप्ते यांची बेरीज करते. रुग्ण रबरांचे रंग निवडतो. सगळे खूश असतात. पुढे सोडण्याचा निर्णयही कोणी जाहीर करत नाही. 'गणपती झाले की येतो', 'दिवाळीनंतरची द्या', 'परीक्षा होऊ द्या' अशा क्रमाने तो आपोआप घेतला जातो. मग एक दिवस दवाखान्यातून फोन येतो.

"तुमची अपॉइंटमेंट जुलैत होती."

"हो ना, याच आठवड्यात येणार होतो."

"सर, फेब्रुवारी चालू आहे."

"अच्छा. मग पुढच्या आठवड्यात बघू."

दात हलतो कसा, हे माहीत असले तर या 'बघू'ची किंमत कळते. दात थेट हाडाला चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेने दाताला हलके रेटले, की पुढच्या बाजूचा थर दाबला जातो आणि तिथल्या पेशी हाड विरघळवू लागतात. मागच्या बाजूचे तंतू ताणले जातात आणि तिथे नवे हाड तयार होऊ लागते. पुढचे पाडायचे, मागचे बांधायचे, असे करत दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. हा वेग ऐकून ज्यांचा मुहूर्त किंवा व्हिसा निघालेला असतो ते सूचना करतात, "डॉक्टर, जरा जास्त आवळा ना. दुखलं तरी चालेल." रुग्णाला चालते, दाताला चालत नाही. जोर फार झाला तर त्या जागेचा रक्तपुरवठा दबतो, पेशी मरतात आणि दात काही आठवडे जागचा हलत नाही. घाई करणाऱ्याचे काम मुद्दाम रखडवण्याची पद्धत सरकारी कचेऱ्यांत निघाली असा समज आहे. जबड्यात ती बरीच आधीपासून आहे.

सुरुवातीच्या तारा निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या असतात. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतला. १९७० च्या दशकात तो दातांवर आला. त्याची तार कशीही वाकवली तरी मूळ आकारात परत येऊ पाहते. वेड्यावाकड्या दातांवरून ओवली, की ती स्वतः सरळ होते आणि दातांनाही सोबत घेते. तारेला आपला आकार आठवतो, दातांना आपली जुनी जागा आठवते; या सगळ्या प्रकरणात विसरभोळा तेवढा रुग्ण.

घोळ होतो तो इथेच. पहिल्या चार-सहा महिन्यांत ही तार समोरचे सहा दात दिसायला सरळ करून टाकते, आणि माणूस आरशात पाहतो ते हेच सहा. शेजारच्या काकू म्हणतात, "दिसायला तर सरळच आहेत की! आता काढून टाक गं." पाच वर्षे बीडीएस आणि वर तीन वर्षे एमडीएस केलेल्या माणसाचे मत या वाक्यापुढे टिकत नाही. कारण डॉक्टरांनी पैसे घेतलेले असतात, काकूंनी घेतलेले नसतात.

लॉरेन्स अँड्रूज या अमेरिकी दंतवैद्याने मुळातच उत्तम दात असलेल्या १२० जणांचे साचे तपासून १९७२ मध्ये चांगल्या दंतपंक्तीची सहा लक्षणे मांडली. त्यांपैकी दातांत फट नसणे आणि दात आपल्या जागी गिरकी घेतलेला नसणे, ही दोन बेसिनवरच्या आरशात दिसतात. वरची दाढ खालच्या दाढेच्या खाचेत कशी बसते, प्रत्येक दात किती कललेला आहे, खालची ओळ बाजूने सपाट आहे की खोलगट, हे दिसायला तोंडात मान घालावी लागते. दाताचा माथा ओळीत आला तरी मूळ तिरपेच राहिलेले असू शकते. मूळ हिरडीखाली असल्याने त्याविषयी काकूंचे काही मत नसते.

(दातांविषयी लिहिणाऱ्याचे स्वतःचे दात कसे आहेत, हे वाचक आधी पाहतात. म्हणून या लेखासोबत लेखकाचा फोटो दिलेला नाही.)

दाटी फार असेल तर पुष्कळदा चार उपदाढा, प्रत्येक कोपऱ्यातली एक, काढून जागा करतात. निरोगी दात काढावेत का, यावरून अमेरिकेत मोठे भांडण झाले होते. दात सरळ करण्याच्या शास्त्राचे जनक मानले जाणारे एडवर्ड अँगल यांचा सगळे दात ठेवण्याचा आग्रह होता, तर कॅल्व्हिन केस यांनी १९११ मध्ये काही जबड्यांत दात काढावेच लागतात अशी बाजू जाहीर वादात मांडली. अँगल १९३० मध्ये वारले. त्यांचे शिष्य चार्ल्स ट्वीड काही वर्षे गुरूच्या मार्गाने गेले; मग आपल्याच रुग्णांचे दात पुन्हा पुढे आलेले पाहून त्यांनी उपदाढा काढल्या आणि त्याच रुग्णांवर नव्याने उपचार केले. वाद कडू होता, पण चार दात काढून घेऊन नंतर दवाखान्याकडे न फिरकणे, ही तिसरी पद्धत दोन्हीपैकी कुठल्याच पक्षाने सुचवली नव्हती. ती रुग्णांनी स्वतः शोधली.

उपदाढ सुमारे सात मिलिमीटर रुंद असते. त्यातली काही जागा दाटी मोकळी करण्यात जाते, उरलेली महिन्याला एक मिलिमीटरच्या हिशेबाने मिटवायची असते. मधेच सोडले तर सुळ्यांमागे चार फटी राहतात, आणि त्या रिकाम्या राहत नाहीत. मेथीचे पान, ओल्या खोबऱ्याचा कीस, मटणाचा धागा यांचा तिथे आळीपाळीने मुक्काम पडतो. शेजारचे दात फटीकडे कलंडतात, पण डावी-उजवीकडे सारखे नाहीत, त्यामुळे वरच्या दोन दातांमधली रेघ नाकाखालून बाजूला सरकते आणि पासपोर्टचा फोटो काढणारा सारखा म्हणत राहतो, "मान सरळ करा, साहेब. अजून थोडी."

सोडण्याच्या कारणांत महाराष्ट्रात पहिला मान लग्नाचा. पुष्कळदा तारा लावण्याचे कारणही लग्नच असते. पण स्थळ अपेक्षेपेक्षा लवकर जमते आणि दात मागे पडतात.

"डॉक्टर, एकवीस तारखेला साखरपुडा आहे. तारा काढायच्यात."

"अजून आठ महिन्यांचं काम आहे, काकू. फट मिटतेय आता कुठे."

"लग्नापुरत्या काढा हो. मग परत लावू."

"परत येणार?"

"म्हणजे काय! नक्की."

डॉक्टरांनी हे 'नक्की' पूर्वी ऐकलेले असते. वास्तविक या अडचणीवर उपाय आहेत. तार आणि समोरचे ब्रॅकेट (तार धरायला दातांवर चिकटवलेल्या चौकटी) समारंभापुरते काढून पुन्हा चिकटवता येतात, दाताच्या रंगाचे सिरॅमिकचे ब्रॅकेट मिळतात, आणि जो फोटोग्राफर नवऱ्यामुलाच्या डोक्यावर केस उगवून देतो त्याला चार चौकटी पुसणे जड नाही. पण हे ऐकून घ्यायला वेळ नसतो, कारण बाहेर रिक्षा थांबलेली असते. लग्न होते, सत्यनारायण होतो, जेजुरी होते, फिरायला जाणे होते. मग 'नव्या घरी इतक्यात कसं सांगायचं?' यात काही महिने जातात आणि दिवाळसणापर्यंत सुळा आपल्या माहेरी निघालेला असतो. सासूबाई अल्बम चाळता चाळता म्हणतात, "यात दात वेगळेच दिसतायत गं तुझे."

बाकीची कारणे किरकोळ, पण कामाला येतात. बारावीच्या मुलाला तारांमुळे अभ्यासात लक्ष लागत नाही. तारा काढल्यावर कशामुळे लागत नाही, ते नंतर पाहिले जाते. नोकरी बंगळूरला लागते. एखाद्याचा ब्रॅकेट तुटतो आणि डॉक्टर रागावतील म्हणून तो जातच नाही. गेलाच, तर 'काही नाही, मऊ भात खात होतो' असे सांगतो आणि डॉक्टर तारेमागून चिक्कीतला शेंगदाणा काढून ट्रेमध्ये ठेवतात. अमेरिकेत गेलेल्यांची गोष्ट वेगळी. दुसऱ्याने निम्मे केलेले तोंड हाती घ्यायला तिथला डॉक्टर सहसा राजी नसतो, आणि घेतले तर फी डॉलरात सांगतो. म्हणून ही मंडळी डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी पुण्याला येतात आणि म्हणतात, "एवढ्यात बसवून टाका सगळं." तीन आठवड्यांत पाऊण मिलिमीटर होते. सरकारी दंत महाविद्यालयांत उलटाही प्रकार घडतो: उपचार करणाऱ्या विद्यार्थ्याचे एमडीएस तीन वर्षांत संपते आणि रुग्णाचे दात संपलेले नसतात. मग फाइल आणि जबडा, दोन्ही धाकट्या विद्यार्थ्याच्या स्वाधीन होतात. रुग्णाला दर वेळी नव्याने सांगावे लागते की तो डावीकडचा दात जन्मापासून तसाच आहे.

सोडण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात तारा काढल्या जातात, दुसऱ्यात त्या तोंडात राहतात आणि फक्त जाणे बंद होते. दुसरा जास्त वाईट, कारण तारेला कोणी सुट्टी दिलेली नसते. रबरे काही आठवड्यांत ढिली पडतात, एखादा ब्रॅकेट सुटून तारेवर मण्यागत इकडेतिकडे फिरतो आणि त्याखालचा दात मन मानेल तिकडे वळतो. घासायला अवघड, म्हणून ब्रॅकेटभोवती थर साचतो; त्यातल्या आम्लाने इनॅमलमधली खनिजे निघून जाऊ लागतात. त्याचे पांढरे डाग महिन्याभरातही उमटू शकतात. वर्षा-दोन वर्षांनी ब्रॅकेट निघतो तेव्हा त्याच्याखालचा चौकोन तेवढा पहिल्यासारखा असतो आणि भोवती खडूसारखी पांढरी चौकट. आठ दातांवर आठ चौकटी. हिरड्या सुजून ब्रॅकेटवर चढलेल्या असतात त्या निराळ्या.

पहिल्या प्रकारातही एक पोटजात आहे: घरच्या घरी काढणारे. कपाळावरचे गंध पुसून टाकावे तसे हे काम दहा मिनिटांत होईल, अशा समजुतीने पक्कड हाती घेतली जाते. ब्रॅकेट रेझिनने चिकटवलेले असतात; ते काढायची वेगळी पक्कड असते आणि उरलेले रेझिन हळूहळू घासून काढावे लागते. घरच्या पकडीने ब्रॅकेटबरोबर इनॅमलचा कपचा निघू शकतो. तो नाही निघाला तर दातावर खरखरीत रेझिन राहते, चहाने पिवळे पडते आणि जीभ दिवसभर त्याची चौकशी करत बसते. शेवटी रुग्ण दवाखान्यात येतोच. "आपोआप निघाल्या," असे सांगतो. सगळ्या एकाच रविवारी.

आता तारा निघाल्यानंतरचे. मुळाभोवतीचे तंतू नव्या जागी जुळायला तीन-चार महिने घेतात. हिरडीतले लवचीक तंतू तर वर्षभरही घेतात. गिरकी सरळ केलेला दात याच तंतूंच्या पिळाने उलटा फिरतो. जीभ आतून आणि ओठ बाहेरून रेटत असतात. गिळताना जीभ दातांवर ढकलण्याची सवय असेल तर पुढची फट पुन्हा उघडते. डॉक्टर हे समजावताना स्लॅबचे उदाहरण देतात: स्लॅब पक्का होण्याआधी टेकू काढले तर काय होईल? ज्यांच्या घराचे काम चालू आहे ते यावर स्टीलचा भाव सांगतात आणि विषय तिथेच राहतो.

म्हणून उपचार पूर्ण झालेल्यांनाही दात नव्या जागी धरून ठेवणारा रिटेनर देतात. हॉली नावाच्या अमेरिकी दंतवैद्याने बनवलेला, टाळूला बसणारी गुलाबी प्लेट आणि पुढून एक तार, हा शंभरेक वर्षांपासून चालू आहे. पारदर्शक साच्याचा रिटेनर नंतरचा. आणि खालच्या दातांच्या मागे कायमची चिकटवलेली बारीक तार हा विसरभोळ्यांसाठीचा. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार पूर्ण केलेल्या रुग्णांना दहा-वीस वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेकांचे खालचे पुढचे दात पुन्हा दाटलेले होते. ज्यांनी सगळे नीट केले त्यांची ही कथा. जे आठव्या महिन्यात 'आता बास' म्हणाले त्यांच्या दातांना तर तेवढाही धीर नसतो. घरात मात्र दोष अक्कलदाढेवर जातो. ती बिचारी उशिरा आलेली असते आणि कोपऱ्यात असते, म्हणून तिच्यावर आळ घेणे सोपे. पुढचे दात तीच ढकलते याला संशोधनाचा फारसा आधार मिळालेला नाही.

रिटेनरचे आयुष्य धकाधकीचे असते. हॉटेलात जेवताना तो कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला जातो आणि ताटाबरोबर उचलला जातो. उकळत्या पाण्याने स्वच्छ केला की वाकडा होतो. कुत्र्यांना तो फार आवडतो. या सगळ्यातून वाचलेला रिटेनर डबीत सुरक्षित असतो.

"रिटेनर घालतोस ना रे?"

"हो, घालतो की."

"केव्हा?"

"इकडे येताना."

रिटेनर न घालण्याने कोणाचे भले झाल्याचे एकच ठळक उदाहरण आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याने प्रौढपणी तारा लावल्या होत्या. रिटेनर काही दिवस घातला नाही की दात सरकतात आणि घातला की परत येतात, हे पाहून त्याला सुचले की असे पारदर्शक साचे ओळीने वापरून दात मुद्दामही हलवता येतील. त्यातून १९९७ मध्ये इन्व्हिजलाइन बनवणारी कंपनी निघाली. इतरांचे रिटेनर नुसतेच हरवले.

या पारदर्शक अलायनरांनी सोडणे आणखी सोपे केले आहे. ते दिवसाला २० ते २२ तास घालायचे असतात, पण चहाला काढावे लागतात, आणि मराठी माणसाच्या दिवसात चहा नसलेले २२ तास शोधून सापडत नाहीत. नऊ नंबरचा साचा घालून लग्नाला गेलेला माणूस तो खिशात घेऊन परततो, मग दोन महिन्यांनी घाईघाईने थेट चौदा नंबर चढवू पाहतो. चौदा बसत नाही. नऊ बसत नाही. पाच बसतो.

सर्वात कठीण अवस्था त्यांची, ज्यांचा जबडा शस्त्रक्रियेने बसवायचा असतो. खालचा जबडा पुढे असला की निसर्गाने दात कलवून तो दोष थोडा झाकलेला असतो. शस्त्रक्रियेआधी ते कललेले दात वर्षभर तारांनी सरळ करावे लागतात, म्हणजे झाकलेला दोष उघडा पडतो. याचा अर्थ, उपचार अगदी नियोजनाप्रमाणे चालला असताना माणूस आधीपेक्षा वाईट दिसतो आणि त्याला पोळीचा तुकडाही तोडता येत नाही. नेमक्या याच टप्प्यावर आत्या येतात. "तारा लावून हे असं? मग लावल्या कशाला?" शस्त्रक्रियेची भीती असतेच, आत्यांचा दुजोरा मिळतो आणि उपचार थांबतो. मिळालेला चेहरा मूळचा नसतो, ठरवलेलाही नसतो.

सोडून गेलेले बरेचसे परत येतात, बहुधा घरातल्या पुढच्या लग्नाआधी. त्यांची अपेक्षा असते की काम जिथे थांबले तिथून पुढे सुरू होईल आणि हप्तेही तिथूनच. दात तोवर तिसऱ्याच ठिकाणी पोचलेले असतात. नवे एक्स-रे, नवे साचे, नवा आराखडा, नवी फी. आधी किडलेले भरावे लागते, हिरड्या नीट कराव्या लागतात. दुसऱ्या फेरीत मुळांकडेही लक्ष ठेवावे लागते, कारण हलवाहलवीत मुळांची टोके थोडी झिजतात.

वेळेआधी थांबणे योग्य ठरते असेही प्रसंग असतात. मुळे फार झिजताना दिसली, हाड खंगले, किंवा रुग्ण ब्रशला हातच लावत नसेल, तर डॉक्टर स्वतःच काही महिने विश्रांती देतात किंवा जमले तेवढ्यावर काम आटोपतात. रुग्णालाही थांबण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्याने तसे सांगायचे, तारा दवाखान्यात काढून घ्यायच्या, रेझिन घासून घ्यायचे आणि दात ज्या जागी आहेत त्याच जागेचा रिटेनर बनवून घ्यायचा. त्याने निदान आणखी बिघडत नाही. त्याआधी डॉक्टर एक कागद पुढे ठेवतात. उपचार अपूर्ण आहे, फटी राहतील, दात परत फिरतील, याची कल्पना आपल्याला दिली आहे, असे त्यावर छापलेले असते. पहिल्या दिवशी सहा पानांवर न वाचता सह्या करणारा रुग्ण हा एक कागद चष्मा लावून दोनदा वाचतो.

"डॉक्टर, यात उरलेले पैसे परत मिळण्याचं कुठे लिहिलंय?"